कोशातून गाळलेला शब्द

नागपूर, ता. १४ जून १९३८

चि. सौ. पंचफुला हिला दादाचे आशीर्वाद.

आम्ही दोघे खुशाल आहोत. तुझ्या वहिनीचा गुडघा पावसाळा आला की बोलतो, तसा बोलू लागला आहे.

पत्राला कारण असं की आमच्या शाळेत पुढल्या वर्षी सायन्स मराठीतून शिकवायचं ठरतं आहे. हेडमास्तरांनी इंग्रजी शास्त्रीय शब्दांचा कोश करायचं काम माझ्या गळ्यात मारलं. शब्द, उच्चार, अर्थ आणि वापर दाखवणारं एक वाक्य. जोडीला एक शास्त्रीबुवा दिले आहेत. ते 'इव्हॅपोरेशन'ला बाष्पीभवन म्हणतात आणि समाधानाने डोळे मिटतात. आमची निम्मी मुलं खेड्यातली. त्यांना बाष्पीभवन समजायला आणखी एक कोश लागेल.

तू सातवी पास झालेली, जन्म अनसिंगातला, संसार जऊळक्यात. तेव्हा तू सांग, तिकडे हे कसं म्हणतात. सोबत कार्डं पाठवतो. इंग्रजी शब्द आणि उच्चार मी लिहिला आहे. अर्थ आणि वाक्य तू लिही. वाक्य तुझ्या घरातलं हवं, पुस्तकातलं नको. उकंडराव भाऊजींना आणि तुझ्या सासूबाई प्रयागबाईंना माझा नमस्कार सांग.

तुझा दादा,
जगदेव


जऊळका, ता. २५ जून

ती. दादास पंचफुलाचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र आलं की आत्याबाई सुपारी कातरत समोर बसतात आणि म्हणतात, "वाच." शेवटची ओळ संपेपर्यंत उठत नाहीत. कार्डं मात्र इंग्रजी म्हणून सुटली. "थे तुये शायेचे कागद, तूच पाहाय," म्हणाल्या.

इव्हॅपोरेशन: पाणी उडून जाणे. वाक्य: हंड्यावर झाकण नसलं तर उन्हाळ्यात इव्हॅपोरेशन होतं आणि सून चोरून अंघोळ करते असा आळ येतो.

कंडेन्सेशन: झाकणाला घाम येणे. वाक्य: भाताच्या झाकणाला कंडेन्सेशन झालं की शेजारची गोजरा गप्पा सोडून घरी पळते, कारण तिचाही भात तेव्हाच होतो.

फ्रिक्शन: घासण. वाक्य: गाडीच्या आसाला वंगण नसेल तर फ्रिक्शन होतं, सासू-सुनेला वंगण कुठून आणायचं? (हे छापू नको.)

फर्मेंटेशन: आंबणे. वाक्य: सध्या मला फर्मेंटेशन झालेलंच खावंसं वाटतं.

उच्चार मी गोठ्यात म्हणून पाहिले. म्हैस मान वळवून बघते. तुझे भाऊजी म्हणाले, "मास्तरीनबाई, दूध आटवान तुमी." वहिनीला नमस्कार.

पंचफुला


नागपूर, ता. ३ जुलै

चि. पंचफुला,

तुझी वाक्यं शास्त्रीबुवांना वाचून दाखवली. झाकणाच्या घामाला ते हसले, पण कोशात घेणार नाही म्हणाले. मी घेणार आहे.

शेवटच्या वाक्याला मी 'वापर बरोबर' अशी खूण करून कार्ड बाजूला ठेवलं होतं. तुझ्या वहिनीने ते उचललं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी खाली मान घातली. "मास्तर, तुमची बहीण आंबट का मागते आहे?" मग मला उमगलं. कितवा महिना ते वहिनीला कळव. या खेपेला सगळं नीट होईल. वहिनीने देवापुढे साखर ठेवली.

आणखी कार्डं पाठवतो. यांच्याकडे जरा जास्त लक्ष दे. 'जर्म', म्हणजे डोळ्यांना न दिसणारा जंतू. 'इन्फेक्शन'. 'स्टरिलाइझ', म्हणजे उकळून किंवा तापवून जंतू मारणे. उच्चार करताना 'स्ट' घट्ट धर, 'इस्ट' म्हणू नको. याचं एक वाक्य भांड्यावर असू दे आणि एक लोखंडाच्या हत्यारावर. चाकू, विळा असं काहीतरी. शेतीच्या पानासाठी 'मॅन्युअर'. टी अक्षराचे शब्दही घातले आहेत, टेम्परेचर आणि थर्मामीटर. उत्तर लवकर पाठव.

जगदेव


जऊळका, ता. १६ जुलै

ती. दादास नमस्कार.

आठवा लागला. पोळ्याच्या आसपास म्हणतात. माय असती तर अनसिंगाला आले असते, आता इथेच.

स्टरिलाइझचं वाक्य: लोणच्याची बरणी स्टरिलाइझ केली नाही तर बुरशी येते. हत्याराचं वाक्य तू मागितलंस म्हणून मी खरंच विळा उकळून पाहिला. आत्याबाई चुलीजवळ आल्या, पातेल्यात डोकावल्या. "आता इयाची भाजी करतं काय व?" मी सांगितलं, दादाच्या पुस्तकासाठी आहे. त्यांचा तुझ्यावर विश्वास आहे, पण तुला नागपूरचं पाणी बाधलं असंही त्यांना वाटतं.

मॅन्युअर: शेणखत. त्याच्या ढिगाला आपल्याकडे दुसरा शब्द आहे. तो मला लिहिता येत नाही, तू जाणतोस.

दादा, एक विचारते. हे जर्म लहान बाळाच्या अंगात जातात का? माझी दोन्ही बाळं जन्मली तेव्हा चांगली होती. मोठा चार वर्षांपूर्वी, मुलगी दीड वर्षापूर्वी. दोघंही सहा दिवस दूध प्यायली. सातव्या दिवशी तोंड उघडेना, आठव्या दिवशी अंग ताठ. सटवाईचा फेरा म्हणाले सगळे. तसं असेल तर माझं काही म्हणणं नाही. पण तुझ्या पुस्तकात याला काही शब्द आहे का? असला तर कार्डावर लिहून पाठव. कार्ड वाचून दाखवावं लागत नाही.

आत्याबाई म्हणतात, या खेपेला बाळाला बापाच्या वाटेनं घालायचं. मीही हो म्हटलं आहे. दुसरं काय करू?

पंचफुला


नागपूर, ता. २४ जुलै

चि. पंचफुला,

कार्डं पोचली. विळ्याचं वाचून फार बरं वाटलं. त्या वेळेलाही तोच विळा तसाच उकळून घे, अर्धा तास.

जंतू लहानमोठं पाहत नाहीत. पण तू या दिवसांत असल्या गोष्टी मनात घोळवू नकोस. गेलं ते गेलं. पुस्तकांत शब्द पुष्कळ असतात, सगळेच सगळ्यांच्या कामाचे नसतात. बाळ बापाच्या वाटेने गेलं तर मला आनंदच आहे. उकंडरावांसारखा सरळ, कष्टाळू माणूस झाला तर आणखी काय हवं? फक्त दोन अक्षरं जास्त शिकव. डिंक पाठवतो आहे.

जगदेव


नागपूर, ता. २५ जुलै

पंचफुला,

कालचं पत्र पेटीत पडलं आहे. ते खरं धरू नकोस. हे पत्र कार्डांच्या गठ्ठ्यात घालून पाठवतो आहे. हे वाचून दाखवू नकोस.

आज तुझं मॅन्युअरचं कार्ड पक्कं करायला घेतलं. तुला नवऱ्याचं नाव घेता येत नाही म्हणून तू जो शब्द सोडला होतास, तो मी माझ्या हाताने लिहिला: उकंडा. लिहून झाला आणि माझा हात थांबला. तुझ्या घरी उकंडरावांचं नाव तसं का पडलं हे मला ठाऊक आहे. वरचं लेकरू जगलं नाही की पुढचं सुपात घालून उकंड्यावर ठेवायचं, टाकलेलं म्हणून दैवाने त्याच्याकडे बघू नये, मग मूठभर कोंड्याला ते विकत घ्यायचं. बापाची वाट म्हणजे ती. आणि मी काल तुला त्यावर आनंद कळवला.

ते करू देऊ नकोस. काही झालं तरी करू देऊ नकोस.

तू शब्द विचारलास. शब्द आहे. टी अक्षराच्या पानावर होता, मी तुला पाठवला नाही. टेटनस. उच्चार 'टेटनस', पहिल्या अक्षरावर जोर. आपण धनुर्वात म्हणतो. त्याचे जंतू शेणात, मातीत, खताच्या ढिगात असतात. नाळ कापल्यावर बेंबीची जी ओली जखम राहते तिच्यातून ते आत जातात. सहा-सात दिवस काही दिसत नाही. मग बाळाचा जबडा बसतो आणि अंग ताठतं. विळ्याने जातात, वर लावलेल्या शेणाने आणि राखेने जातात, आणि उकंड्यावर तर त्यांचं घरच असतं. विळा उकळायचा. बेंबीवर काहीही लावायचं नाही. उकळून, उन्हात वाळवलेल्या फडक्याने बांधायचं. एवढंच आहे, पंचफुला. एवढ्याशा गोष्टी आहेत.

आता जे लिहायला मला तीन वर्षं लागली ते लिहितो. तुझा मोठा गेला तेव्हा मला हे माहीत नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात एका डॉक्टराच्या पुस्तिकेत वाचलं. तुझी मुलगी अजून व्हायची होती. मी कागद पुढे घेऊन बसलोही होतो. पण भावाने बहिणीला नाळ आणि बेंबी असं लिहायचं कसं, आणि ते पत्र प्रयागबाईंसमोर मोठ्याने वाचलं जाणार, सगळं घर ऐकणार. मला लाज वाटली. मी कागद घडी करून ठेवला. मुलगी गेल्याची तार आली तेव्हा तो कागद माझ्याच टेबलात होता.

या खेपेला कोशाच्या आडून सांगू म्हटलं. म्हणून तो विळा. समोरून सांगायचं धाडस तेव्हाही झालं नाही. तू मला काय म्हणशील ते म्हण.

जगदेव


जऊळका, ता. २ ऑगस्ट

दादा,

पत्र पोचलं. वाचून दाखवलं नाही. दादाने डिंकाची कृती लिहिली आहे असं सांगितलं.

माझ्या मुलीचे केस दाट होते. तू तिला पाहिलं नाहीस म्हणून सांगते.

दीड वर्ष मी सटवाईला शिव्या दिल्या. सूप वाजवून तिला घरातून हाकललं. तिची काहीच चूक नव्हती. तुला लाज वाटली. मला सांग, लाज कशी वाटते? मला आता तीही येत नाही. उकंडा. बघ, लिहिला मी. पाप लागायचं ते लागो.

तू म्हणतोस करू देऊ नकोस. कसं नको म्हणू? नको म्हटलं तर आत्याबाई समोर बसलेल्या आपल्या मुलाकडे बोट दाखवतात. "हा पाहाय. हा कसा वाचला?" यावर तुझ्या पुस्तकात वाक्य आहे का? नवरा जिवंत आहे हेच जिथे त्यांचं प्रमाण, तिथे बायकोनं काय बोलावं?

कार्डं परत पाठवते आहे. कोरीच आहेत. मी लिहीपर्यंत तू लिहू नकोस.

पंचफुला


नागपूर, ता. ११ सप्टेंबर (कार्ड)

चि. पंचफुला, तू लिहू नकोस म्हणालीस, तरी लिहितो. पोळा होऊन पंधरा दिवस झाले. तार नाही, पत्र नाही. तार नाही म्हणजे चांगलं, असं तुझी वहिनी म्हणते. रजा मागितली असती तर मिळाली असती. मी मागितली नाही. स्टेशनावरून तुझ्या दारापर्यंत चालत यायला पाय उचलत नाहीत. एक ओळ लिही. बाळ आहे की नाही एवढंच. जगदेव


जऊळका, ता. २४ सप्टेंबर

ती. दादास,

बाळ आहे. मुलगा आहे. आज सत्ताविसावा दिवस. दूध ओढतो, रडतो, तोंड चांगलं उघडतो. आधी हे लिहिलं, आता बाकीचं लिहिते.

तुझं पत्र मी श्रावणात ह्यांना वाचून दाखवलं. निंदणाला गेलो होतो, बांधावर बसून. सगळं ऐकलं, उठून पुन्हा निंदायला लागले. चार दिवस, दहा दिवस, एक शब्द नाही. मी तुझ्याइतकाच त्यांच्यावरही राग धरला. पोळ्याच्या दिवशी बैल धुऊन आणले, शिंगांना रंग लावत होते. आत्याबाई ओट्यावर बसल्या होत्या. ह्यांनी एकदम विचारलं,

"माय, माह्याशिवाय कोणाले घातलं व्हतं उकंड्यावर?"

आत्याबाईंनी सहज सांगितलं, "तुया आंधी दोघायले. थे नाई राह्यले. एक सातव्या दिशी गेलं, एक नवव्या. मंग तुले जास्त येळ ठेवलं."

दादा, सात वर्षं या घरात आहे, त्या दोघांचं कधी कोणी बोललं नव्हतं. हे शिंगाला रंग लावतच राहिले. पण एकच शिंग पुन्हा पुन्हा रंगवत होते.

तिसऱ्या दिवशी मी बाळंत झाले. तुळसाबाई सुईण आली, तिने पातेल्यात विळा पाहिला. "बाई, याले ताप आला काय?" मी म्हटलं, माझ्या भावाचा नवस आहे, विळा उकळायचा आणि बेंबीला फडक्याशिवाय काही लावायचं नाही. नवस म्हटल्यावर तिने हात जोडले. शास्त्र सांगितलं असतं तर ऐकलं नसतं.

पाचव्या दिवशी आत्याबाईंनी सूप काढलं. मी खाटेवर उठून बसले. ओरडायचं ठरवलं होतं. तेवढ्यात हे आत आले. "माह्या लेकराले मीच नेतो," म्हणाले. बाळाला सुपात घेतलं आणि गोठ्यामागे गेले. आत्याबाई कोंड्याची मूठ घेऊन दारात उभ्या. मी मोजत होते, किती मोजलं ते आठवत नाही. परत आले, आत्याबाईंनी कोंडा दिला आणि नातू विकत घेतला. बाळ माझ्याजवळ देताना हे हळूच म्हणाले, "सूप ठेवलं फकत. हा माह्या छातीशी व्हता." घोंगडीत धरून पावसात उभे होते. खताचा एक कण बाळाला लागला नाही.

तरी सातवा, आठवा, नववा दिवस मी माणसात नव्हते. घटकेघटकेला त्याच्या तोंडात बोट घालून पाहायची. नवव्या दिवशी त्याने दूध ओढताना हिरड्या आवळल्या आणि मी किंचाळले. त्याला भूक लागली होती.

बाराव्याला नाव कचरू ठेवलं. आत्याबाई घरोघर सांगत सुटल्या, उकंड्यानं राखलं. आम्ही दोघं गप्प. मला वाटलं, गप्पच बरं. या म्हातारीला कसं सांगायचं की तुम्ही तुमची दोन लेकरं स्वतःच्या हातानं तिथे ठेवलीत? तेव्हा तुझ्या टेबलातल्या कागदाची मला आठवण झाली. तुझ्यावरचा राग थोडा कमी झाला. सगळा नाही.

मागल्या आठवड्यात शेजारची गोजरा आली. तिला आठवा आहे. तिचं पहिलं गेलेलं. आत्याबाईंनी कचरूला तिच्या मांडीवर दिला. "याले पाहाय. तू बी घाल उकंड्यावर. म्या सोता उभी राह्यतो." गोजराने तिथल्या तिथे नवस बोलला. मला जेवण गेलं नाही. मी गोजराला परसात गाठून सांगितलं. ती म्हणाली, "तू घातलं, आन मले कायले नको म्हणतं?" माझं पोरच माझ्या विरुद्ध साक्ष देत होतं. तुझ्या लाजेनं माझी मुलगी गेली. माझ्या दयेनं गोजराचं बाळ जाणार होतं.

परवा दुपारी मी तुझं पंचवीस जुलैचं पत्र काढलं आणि आत्याबाईंसमोर बसले. त्यांनी सुपारी घेतली. मी सगळं वाचलं. नाळ, बेंबी, तुझी लाज, सगळं. कोणतीच ओळ सोडली नाही. खताच्या ढिगाची ओळ त्यांनी पुन्हा वाचायला लावली. अडकित्ता खाली ठेवला.

"मंग माह्ये ते दोघं?"

मी हो म्हटलं.

"आन कचरू?"

"त्याला ठेवलंच नव्हतं, आत्याबाई. ह्यांनी छातीशी धरला होता."

मला वाटलं आता मला घराबाहेर काढतील. त्या उठल्या, पदर नीट केला आणि गोजराच्या अंगणात गेल्या. मी दारातून ऐकत होते. गोजराची सासू, तुळसाबाई, आणखी दोघीतिघी होत्या. आत्याबाई मोठ्यानं बोलल्या, "गोजरा, कचरूले उकंड्यावर घातलंच नाई. माह्या दोघायले घातलं व्हतं. ते म्या माह्या हातानं मारले. तू नको घालू." त्या तशाच परत आल्या आणि भिंतीकडे तोंड करून निजल्या.

दोन दिवस त्या बाळाला घेत नव्हत्या. रडलं तरी पाहत नव्हत्या. ह्यांनी जवळ नेलं तर हात पदराखाली लपवत. आज सकाळी मी पाणी उकळून कोमट केलं, त्यांना ओट्यावर बसवलं आणि त्यांचे दोन्ही हात साबणानं धुतले. नखंसुद्धा. त्यांनी धुऊ दिले. मग कचरूला त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि मी भाकरी टाकायला आत गेले. आतून त्यांचा आवाज येत होता. त्या त्याला त्या दोघांची नावं सांगत होत्या. ती नावं मी पहिल्यांदाच ऐकली.

दादा, आता पत्र नको. दिवाळीच्या सुट्टीची वाट न पाहता तू ये. माझा राग बाकी आहे, तो मला तुझ्या तोंडावर काढायचा आहे.

पंचफुला